शाळेत मुलांच्या मनाला बोलायला वेळ द्यायचा का? (खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या शिक्षक-पालकांनी जरूर लिहा)

खानापूरची_बाई

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत मी गेली चौदा वर्षं शिकवते. पहिली ते सातवी वर्ग, शिक्षक तिघं, त्यातले एक अतिथी शिक्षक. हा धागा काढायचं कारण एका मुलाची पोटदुखी आहे.

जुलैत कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस कसा असतो ते इकडच्यांना सांगायला नको. कौलांवर असा आवाज की फळ्यापाशी उभं राहून ओरडले तरी शेवटच्या रांगेत पोचत नाही. त्या दिवसांत सहावीतला एक मुलगा रोज दुसऱ्या तासाला पोट धरून बसायचा. "बाई, पोट दुखायलंय." अक्षर दासोहाचा, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा, भात मात्र दोनदा वाढून घ्यायचा. आरोग्य केंद्रात नेलं, जंताची गोळी झाली, ओवा झाला, घरी आजीनं दृष्ट काढली. दुखणं जागच्या जागी.

एका दुपारी पावसानं उघडीप दिली तेव्हा तो पायरीवर एकटा बसलेला दिसला. मी शेजारी जाऊन बसले. काही विचारलं नाही, विचारून झालं होतं. चपलेच्या टोकानं तो तांबड्या चिखलात खड्डा करायचा, त्यात पाणी साचू द्यायचा, पुन्हा बुजवायचा. बऱ्याच वेळानं खाली बघतच म्हणाला, "बाबा गोव्यास्नं गणपतीला येणार नाईत म्हणं."

मी म्हटलं, "मग तुला कसं वाटायलंय?"

त्यानं खरंच आठवून बघितलं. कपाळाला आठ्या घालून. आणि म्हणाला, "पोट दुखायलंय."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्यापाशी दुसरा शब्दच नव्हता.

रात्रभर तेच डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी पाचवी-सहावी-सातवी एकत्र बसवली आणि विचारलं, आपल्याला आतून काय काय वाटतं त्याचे शब्द सांगा. फळ्यावर चार आले: बरं, राग, कंटाळा, भ्या. पंचवीस मुलं आणि चार शब्द. मग त्यांना घरचा अभ्यास दिला, की आजीला, आत्याला, शेजारच्या म्हातारीला विचारून या. पुढच्या तीन दिवसांत फळा पुरेना. हुरहुर, धास्ती, रुखरुख, चुटपुट, हिरमुसणं, खट्टू होणं, कानकोंडं होणं, ओशाळणं, चरफडणं, हरखणं, जीवाला घोर, जीव टांगणीला, पोटात कालवाकालव, ऊर भरून येणं. एका मुलीच्या आजीनं तर सांगून पाठवलं होतं, "बाईंना म्हणावं, जीव थाऱ्यावर नसणं पण लिवा."

पोट दुखणारा मुलगा फळ्याकडे बघत बसला होता. सुटीत जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, हुरहुर पोटातच असते काय?"

तेव्हापासून रोज परिपाठानंतर दहा मिनिटं आम्ही गोल बसतो. मलप्रभेतला एक गोटा आहे, तो हातोहात फिरतो. ज्याच्या हातात गोटा त्यानं बोलायचं, नको असेल तर पुढं द्यायचा. मी तपासत नाही, चुकलं म्हणत नाही.

आता अडचण अशी की एसडीएमसीच्या (शाळेच्या पालक-समितीच्या) बैठकीत दोघा पालकांनी विचारलं, हे काय चाललंय, त्या दहा मिनिटांत पाढे म्हणून घ्या. माझ्या एका सहकाऱ्यालाही ते पटत नाही. मला मनापासून वाटतं की हे शिकवणं शाळेचंच काम आहे. पण मी एकटी असं म्हणून भागणार नाही. तुमच्याकडे काय अनुभव आहे? पटत नसेल तर तेही स्पष्ट लिहा.

एकच विनंती, सीमेच्या वादावर धागा नेऊ नका. तो विषय मोठा आहे, त्याला वेगळी जागा आहे. इथे पोरांविषयी बोलू.

निपाणीचा_बाप

बाई, तुम्ही स्पष्ट लिहा म्हणालात म्हणून लिहितो. मला पटत नाही.

माझी आई तंबाखूच्या वखारीत राबली, बायको विड्या वळते, मी टेम्पो चालवतो. मुलगी आठवीत आहे. दोन वर्षांनी एसएसएलसी, म्हणजे दहावीची बोर्डाची परीक्षा. ६२५ गुणांची परीक्षा, त्यात मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन भाषा पोरीनं पेलायच्या आणि वर गणित-विज्ञान. ह्यात हुरहुरीला किती गुण आहेत?

मन, माया, वळण हे घरी बघायचं. आम्ही बघतो. शाळेनं आम्हाला जे येत नाही ते शिकवावं. मला बीजगणित येत नाही, इंग्रजी येत नाही. ते माझ्या पोरीला शाळेतच मिळणार. खाजगी शाळेतल्या पोरांना शिकवणी आहे, घरी इंग्रजी बोलणारे आहेत. त्यांना दहा मिनिटं गेली तरी चालतात, आमच्या पोरांची दहा मिनिटं फार महाग आहेत. वर्षाचे दोनशेवर दिवस धरले तर दहा मिनिटांचे तीस-पस्तीस तास होतात. तेवढ्यात अपूर्णांक येतात.

तुमची तळमळ कळते, मनात राग नाही.

मनाची_शाळा (बेळगाव)

मी बेळगावात शाळांमधून समुपदेशनाचं काम करते. निपाणीच्या दादांनी हिशेब मांडला ते फार बरं केलं, कारण हा प्रश्न हिशेबानंच विचारला पाहिजे.

बाई जे करतायत त्याला जगभर सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणतात. १९९४ मध्ये अमेरिकेत 'कॅसेल' नावाची संस्था सुरू झाली, तिनं त्याची पाच अंगं धरली आहेत: आपल्याला काय वाटतंय ते ओळखणं, ते सांभाळणं, दुसऱ्याला काय वाटत असेल ते जाणणं, नातं जोडणं आणि टिकवणं, विचार करून निर्णय घेणं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० च्या दशकात जी दहा जीवनकौशल्यं सांगितली तीही ह्याच घरातली. आपल्या राज्यातच बंगळूरच्या निमहान्स ह्या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं किशोरवयातल्या मुलांसाठी जीवनकौशल्यांचा कार्यक्रम बांधला, आणि तो शाळेतल्या शिक्षकांनीच घ्यायचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सामाजिक-भावनिक वाढ हे शिक्षणाचं एक उद्दिष्ट म्हणून लिहिलेलं आहे. दिल्लीच्या सरकारी शाळांत जुलै २०१८ पासून नर्सरी ते आठवी ह्यासाठी रोज एक तास ठेवला गेला.

आता अपूर्णांकांचं. २०११ मध्ये एक मोठा अभ्यास छापला गेला. २१३ कार्यक्रम आणि २ लाख ७० हजार मुलं एकत्र धरून काय फरक पडतो ते तपासलं होतं. वागणूक, मैत्री, ताण ह्यांत सुधारणा दिसलीच, पण अभ्यासातही ११ शततमक अंकांची वाढ दिसली. सोप्या भाषेत, शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्यावर उभं असलेलं मूल ११ जणांना मागे टाकून पुढे गेलं. आणि हे कार्यक्रम बाहेरच्या तज्ज्ञांनीच घ्यायला हवेत असं नाही, वर्गातल्या रोजच्या शिक्षकांनी घेतले तेव्हाही गुण आला.

दादा, ह्याचं कारण गूढ नाही. ज्या मुलाच्या डोक्यात "बाबा येणार का" हे चाललंय त्याच्या डोक्यात अपूर्णांक ठेवायला त्या वेळी जागा नसते. दुसरा तास त्याचा पोट धरण्यात जात होता. बाईंची दहा मिनिटं गेली, पण त्याची चाळीस परत आली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रिटनमधल्या शाळांमध्ये ८ हजारांहून जास्त मुलांवर ध्यान-सजगतेच्या तासांचा मोठा प्रयोग झाला, २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नेहमीच्या शाळेपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. बऱ्याच मुलांनी ते घरी फारसं केलंही नव्हतं. म्हणून नवीन तास घातला, पुस्तक छापलं, की काम झालं, असं मुळीच नाही. ज्या माणसावर मुलांचा जीव आहे त्यानं, त्यांच्या बोलीत, रोज थोडं थोडं केलेलं उपयोगी पडतं.

दोन_भाषांचा

माझी आई कन्नड, वडील मराठी. शिकलो कन्नड शाळेत, आता बैलहोंगल भागात कन्नड शाळेतच शिकवतो. मराठी लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

बाईंची यादी वाचून मी आईला फोन लावला. तिनं अर्धा तास शब्द सांगितले. मत्सराला आमच्यात 'होट्टेकिच्चु' म्हणतात. होट्टे म्हणजे पोट, किच्चु म्हणजे आग. तुमच्या मुलाची हुरहुर पोटात, आमचा मत्सर पोटात, मराठीतही दुसऱ्याचं बरं झालं की पोटातच दुखतं. पोट हे दोन्ही भाषांनी मनाचं घर मानलंय. तो मुलगा बरोबर जागी हात ठेवून बसला होता.

पण काही शब्द फसवतात, ते सीमाभागातल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत हवेत. 'बेजार' घ्या. मराठीत बेजार म्हणजे त्रासून, मेटाकुटीला आलेला. कन्नडमध्ये 'बेजारु' म्हणजे वाईट वाटणं, उदास होणं, कंटाळा येणं. माझ्या वर्गात एक मराठी घरातली मुलगी होती. ती "बेजार झालंय" म्हणायची आणि मी समजायचो हिला वाईट वाटतंय, म्हणून गोंजारायचो. खरं तर शेजारचा मुलगा तिला रोज पेन्सिल टोचून छळत होता. ती त्रास सांगत होती आणि मी दुःख ऐकत होतो. दोन महिने गेले त्यात. मला अजून चुटपुट लागून आहे (तुमच्याच यादीतला शब्द).

बेचाळीस_पावसाळे

मी निवृत्त मुख्याध्यापक. येळ्ळूर, कडोली, हिंडलगा ह्या पट्ट्यातल्या शाळांत नोकरी झाली. हा धागा दोन दिवस वाचतोय, आज लिहायला बसलो.

मी छडी वापरली आहे. त्या काळी सगळेच वापरत, असं म्हणून मी सुटणार नाही. एका मुलानं गृहपाठ केला नाही म्हणून मी त्याच्या तळहातावर चार दिल्या. त्यानं हात मागे घेतला नाही, डोळ्यात पाणी आणलं नाही, माझ्याकडे नुसतं बघत राहिला. संध्याकाळी कळलं की आदल्या रात्री त्यांच्या घरचा बैल गेला होता. ज्या घरात बैलाच्या गळ्यात पडून आई रडत होती त्या घरातलं ते मूल सकाळी शाळेत आलं होतं, कारण शाळेत यायचं असतं. मी "का केला नाहीस?" असं विचारलं होतं, पण उत्तरासाठी थांबलो नव्हतो. ते "का" मी विचारण्यासाठी वापरलंच नव्हतं. ते मारण्याच्या आधी म्हणायचं एक वाक्य होतं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. छडी गेली, चांगलं झालं. पण छडीच्या जागी काय करायचं ते शिक्षकाला कोणी शिकवलं नाही. आज तरुण शिक्षक मला सांगतात, सर, पोरं ऐकत नाहीत आणि आमच्या हातात काही नाही. हातात काही नाही असं नव्हे, ऐकून घेणं हातात आहे. फक्त ते कमवायला वेळ लागतो, छडीला लागत नव्हता.

आणि एक बाजू कोणी मांडली नाही म्हणून मांडतो. शिक्षकाचं काय? सॅट्सवर (मुलांच्या नोंदींच्या सरकारी संगणक-प्रणालीवर) माहिती भरा, दुधाचा हिशेब ठेवा, अंड्यांचा ठेवा, निवडणुकीचं काम करा, सीआरपींना (आसपासच्या शाळा बघणाऱ्या सरकारी माणसाला) फोटो पाठवा. तीन शिक्षकांत सात वर्ग. त्या बाईला कोण विचारतं, बाई तुम्हाला कसं वाटतंय म्हणून? ज्याचं कुणी ऐकत नाही त्यानं दिवसभर दुसऱ्याचं ऐकत राहावं ही अपेक्षा फार काळ चालत नाही. महिन्याच्या समूह बैठकीत अर्धा तास शिक्षकांनी एकमेकांशी हेच बोलावं, परिपत्रकं वाचायचं नंतर. मी मुख्याध्यापक असताना हे करायला हवं होतं, केलं नाही.

पीयू_सायन्स_२

मी विद्यार्थी आहे. सातवीपर्यंत गावात मराठी शाळा, आठवी ते दहावी तालुक्याच्या ठिकाणी मराठीच हायस्कूल, आणि आता बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स, सगळं इंग्रजीत.

पहिल्या आठवड्यात सर प्रत्येक तासाच्या शेवटी विचारायचे, "एनी डाउट्स?" मला डाउट्स होते पण ते मराठीत होते. ते इंग्रजीत करेपर्यंत सर वर्गाबाहेर गेलेले असायचे. एक महिन्यानंतर मला डाउट यायचेच बंद झाले. म्हणजे समजायला लागलं म्हणून नव्हे. मी आतून बंद झालो होतो.

घरी सांगायचं काय? फी भरलेली. आई विचारायची, "बरं चाललंय न्हवं?" मी म्हणायचो, "बरं चाललंय." बाईंच्या फळ्यावरचा पहिला शब्द.

मला तेव्हा 'कानकोंडं होणं' हा शब्द माहीत असता तर फिजिक्स सोपं झालं असतं असं मी म्हणणार नाही. पण मला वाटत होतं की मी ढ आहे. मला जे होत होतं ते वर्गातल्या निम्म्या मुलांना होत होतं, बाकावर शेजारी बसणाऱ्या कन्नड माध्यमातल्या मुलालाही. आम्ही दोघं चार महिने शेजारी बसून एकमेकांपासून लपवत होतो. एकदा लॅबमध्ये त्याच्या हातून बीकर फुटला आणि तो काच गोळा करता करता रडायला लागला, तेव्हा कळलं. आता आम्ही दोघं मिळून शंका लिहून काढतो, तो कन्नडमध्ये, मी मराठीत, आणि मग दोघं मिळून इंग्रजी करतो. सर कागद बघून उत्तर देतात.

हे मला कुणी सातवीत शिकवलं असतं की अडलं तर असं असं सांगायचं, तर चार महिने वाचले असते.

निपाणीचा_बाप

पीयूच्या मुला, तुझं लिहिलेलं मी दोनदा वाचलं. काल रात्री टेम्पो लावून घरी गेलो तर पोरगी आजीजवळ बसून विड्यांना दोरा बांधत होती, गुपचूप. रोज बघतो तसंच. पण काल विचारलं, "काय गं, गप्प का?" म्हणाली, "काय नाई." मी जेवायला बसलो नाही, तिथंच बसून राहिलो. बाईंनी पायरीवर केलं तसं केलं म्हणा. आजी उठून गेल्यावर म्हणाली, "वर्गात माझ्या हाताला तंबाखूचा वास येतोय म्हणतात. म्हणून मी हात वर करत नाई."

उत्तरं येतात तिला. हात वर करत नाही ती.

घरी बघतो म्हणालो होतो मी. बघत नव्हतो. पण बाई, माझं अजून एक म्हणणं आहेच. हे सगळं करा आणि गणितही सोडू नका. आमच्या पोरांना दोन्ही पाहिजे.

खानापूरची_बाई

दादा, दोन्ही पाहिजे, हे मी आमच्या एसडीएमसीत तुमच्याच शब्दांत सांगणार आहे.

मुलीच्या वर्गशिक्षिकेशी बोला. हाताच्या वासाबद्दल वर्गात भाषण द्यायला मात्र सांगू नका, पोरीला आणखी लपावंसं वाटेल. निपाणीच्या वर्गात विड्या वळणाऱ्या घरची ती एकटी नक्कीच नसेल. "आपल्या घरी कोण काय काम करतं, त्यात हाताला काय कसब लागतं" असा एक तास घेतला तर ती चटणी-भाकरीइतकी साधी गोष्ट होऊन जाईल. पान कातरायचं, तंबाखू मापात भरायची, दोरा बांधायचा, दिवसाला हजाराचा हिशेब ठेवायचा. गणित त्यातही आहे.

कृष्णाकाठ

चिकोडी तालुक्यातून लिहितोय. ऑगस्ट २०१९ चा पूर इकडं कुणी विसरलं नाही. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा तिन्ही एकदम चढल्या. आमची शाळा उंचावर, म्हणून तिथंच काळजी केंद्र उघडलं. (म्हणजे पूरग्रस्तांचा निवारा. सरकारी कन्नड नाव आहे ते, आणि शब्द आपलाच.) जिथं मुलं पाढे म्हणत होती त्याच वर्गात ती आई-बापासोबत सतरंजीवर झोपली. पाणी उतरल्यावर खोल्या धुतल्या, चुना मारला, शाळा सुरू. वह्या-पुस्तकं नवी मिळाली. पुराविषयी मात्र मुलांशी कुणी एक शब्द बोललं नाही, मीही नाही. आठवण नको म्हणून.

पुढची दोन वर्षं जूनमध्ये शाळा बंदच होत्या कोरोनानं. त्याच्या पुढच्या वर्षी पहिला मोठा पाऊस आला तेव्हा तिसरीतली एक मुलगी उठली, दप्तर उचललं आणि खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवायला लागली. हात पुरत नव्हता, बाकावर चढली. तिला बघून आणखी सहा-सात मुलं उठली आणि आपापली दप्तरं वर ठेवू लागली. कुणी बोललं नाही, कुणी हसलं नाही. जवळजवळ तीन वर्षं ती मुलं तो पूर पाठीवर घेऊन हिंडत होती.

त्या दिवशी मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, चला, कुणाकुणाचं काय काय गेलं ते सांगूया. शेळ्या, टीव्ही, आजोबांचा फोटो, पिठाचा डबा. एकाचं कुत्रं. ते सांगताना रडली, मग दुसऱ्यानं सांगितलं की त्याचं कुत्रं चार दिवसांनी पोहत परत आलं, तेव्हा हसली. दप्तरं नंतर त्यांनीच खाली काढली.

मनाची_शाळा (बेळगाव)

कृष्णाकाठ, तुम्ही केलंत ते पुस्तकात लिहून शिकवता येणार नाही असं होतं.

पण जे आता सुरू करतील त्यांच्यासाठी काही सावधगिरी लिहून ठेवते, कारण चांगल्या हेतूनंही इजा होते. मूल गोलात बसून बोलतं म्हणजे त्यानं सगळं गोलातच सांगावं असं नाही. "घरी काय झालं ते सगळ्यांना सांग" असं कधीही म्हणू नका. बाईंच्या पद्धतीत गोटा पुढे द्यायची मुभा आहे, तो सगळ्यात मोलाचा नियम आहे. गोलात ऐकलेलं स्टाफरूममध्ये चहाबरोबर सांगायचं नाही, आणि "तूच म्हणालास ना घाबरतो म्हणून" असं पुढे कधी तोंडावर मारायचं नाही. एकदा तसं झालं की तो वर्ग वर्षभर बोलणार नाही.

मात्र लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर ती पोटात ठेवायची नाही. पॉक्सो कायद्यानं (२०१२) ते कळवणं बंधनकारक आहे. मुलाला आधीच खोटं वचन देऊ नका की "कुणाला सांगणार नाही". म्हणा, "तुला मदत करणाऱ्या माणसालाच सांगेन." मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, शिक्षकांनी स्वतःसाठी केला तरी चालतो. हे दोन आकडे वर्गात पाढ्यांच्या तक्त्याशेजारी लावा. आणि मूल खाणं सोडतंय, झोपत नाही, जीव नको म्हणतंय, तर गोटा-गोल पुरेसा नाही, डॉक्टरकडे न्यायचं.

दोन_भाषांचा

एक कामाचं सांगतो. आपल्याकडे महिन्यातून एका शनिवारी दप्तराविना शाळा असते, 'संभ्रम शनिवार'. कन्नडमध्ये संभ्रम म्हणजे उत्सव, आनंद. मराठीत संभ्रम म्हणजे गोंधळ. माझ्या मराठी आत्याला वाटायचं की त्या दिवशी मास्तरांचाच काहीतरी गोंधळ असतो, म्हणून ती नातवाला पाठवायचीच नाही. तर त्या शनिवारी हा शब्दांचा खेळ बसतो. परवानगी लागत नाही, कार्यक्रमात आधीच जागा आहे. आणि पहिली ते तिसरीला नली-कली आहेच, मुलं गोलातच बसतात. नली-कली म्हणजे आनंदानं शिकणं. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटेकडच्या शिक्षकांनी सुरू केलेलं ते काम पुढं राज्यभर गेलं. म्हणजे ह्या गोष्टी शिक्षकांकडूनही वर जातात, नेहमी वरूनच येतात असं नाही.

बाई, हुरहुरीला कन्नड शब्द काय म्हणून आईला पुन्हा विचारलं. नेमका नाही म्हणाली. बराच विचार करून म्हणाली, 'तळमळ' जवळचा आहे. मी म्हटलं, अगं तो मराठी. ती म्हणाली, कुणी सांगितलं तुला? तो आमचाच.

तुमची यादी पाठवाल काय? मी शेजारी कन्नड शब्द लिहून आमच्या वर्गात लावतो, आणि तसाच एक तक्ता तुमच्यासाठी करून देतो.

खानापूरची_बाई

पाठवते. मुलांनी चार्ट पेपरवर लिहिली आहे, शुद्धलेखन त्यांचंच ठेवलंय.

त्या मुलाचं कुणी विचारलं नाही, पण सांगते. बाबा गणपतीला आले नाहीत. तो तीन दिवस शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी आला, गोटा हातात घेतला, आणि म्हणाला, "मी खट्टू आहे. आणि मला बाबांचा राग पण आलाय." मग गोटा पुढं दिला. शेजारच्या मुलीनं गोटा घेऊन म्हटलं, "माझे पण आले नाईत." त्या दिवशी दुसऱ्या तासाला तो भागाकार करत होता, चुकत होता, खोडत होता, पुन्हा करत होता.

बुधवारी एसडीएमसीची बैठक आहे. बेचाळीस_पावसाळे सर, तुम्हाला येता आलं तर फार बरं होईल, तो बैलाचा प्रसंग तुमच्या तोंडून ऐकायला हवा. जांबोटीची बस सकाळी लवकर निघते, मी वेळ कळवते.

यादीचा फोटो खाली जोडते. कागद ओल्या भिंतीला लागून खालच्या कोपऱ्यात पसरलाय, शेवटच्या दोन ओळी वाचता येतात का सांगा. नाहीतर मुलांकडून पुन्हा लिहून घेते.